माणसाला न लावायचा शब्द

शाहीन,

अम्मींनी मला एक प्रश्न विचारलाय, आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय मला त्याचं उत्तर देता येत नाहीये. सवय तूच लावलीस. इतकी वर्षं इंग्रजीच्या एकेका शब्दावरून आपण तोंड वाजवलं, आणि आता तू नाहीस म्हणून मी एकटीनेच निकाल देऊन मोकळी होऊ? तुला ते अजिबात आवडणार नाही. म्हणून लिहायला बसले.

तुला नेलं त्याला आठवडा होऊन गेला. फातिहाला आलेले पाहुणे पांगले. उमरखेडची तुझी खाला काल एसटीने परत गेली. तुझे भाऊ सलीमभाई गाद्या-पिंजाईच्या दुकानाचं शटर आता अर्धं उघडतात, म्हणजे आत यायचं असेल तर गिऱ्हाइकाला वाकून यावं लागतं. बाजारही भरला. आपण दोघी जिच्याशी दर आठवड्याला हुज्जत घालायचो त्या मेथीवालीने या वेळी भाव न सांगताच जुडी उचलून माझ्या पिशवीत टाकली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. आपलं दारव्हा गाव आहे तसंच चाललं आहे, याचा मला राग येतो.

अम्मी मात्र तुझ्या खोलीच्या उंबऱ्यात बसल्यात. हातात दाभण नाही, पुढ्यात गादीची खोळ नाही. तुझी आई रिकाम्या हाताने बसलेली मी आजवर पाहिली नव्हती. दोन घास खातात, तेही सलीमभाईची बायको समोर उभी राहिली तर. रडत नाहीत. तुझा जनाजा निघाला तेव्हा आम्ही सगळ्या बायका घरात होतो, बाकीच्या हंबरडा फोडत होत्या, आणि अम्मी नळ नीट बंद झालाय का ते बघायला उठल्या होत्या. तेव्हापासून त्या अशाच आहेत. मी रोज संध्याकाळी जाते आणि नुसती शेजारी बसते.

परवा बसले होते तर बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "वसू बेटा, शाहीन बोलती थी ना, वो रुइन्ड इंसान को नहीं लगाते."

मी म्हटलं, "हां अम्मी, बोलती थी."

"फिर मेरे को क्या लगाते?"

 "सोच के बताती," असं काहीतरी पुटपुटून मी उठले. अम्मी तेव्हापासून वाट बघतायत. काल गेले तर त्यांनी फक्त मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. आज संध्याकाळी मला परत जायचं आहे, आणि या वेळी काही न बोलता परतणं जमणार नाही.

म्हणून सांग, शाहीन, काय सांगू तुझ्या आईला?

हा शब्द आपल्या दोघींमध्ये आला कसा, ते तुला आठवतंच. मी वणीहून परत आले होते. कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या माझ्या नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला होता, आणि तो लपवायचाही त्याने कंटाळा केला होता. वणीत दोरीवर वाळत घातलेला पांढरा पंचा संध्याकाळी राखाडी होऊन घरात यायचा. तसल्याच राखाडी कपड्यांची बॅग घेऊन मी बाबांच्या दारात उतरले. बाबा तहसील कचेरीतून रिटायर झालेले. एकच पेपर दुपारपर्यंत वाचत बसायचे, म्हणजे माझ्याकडे बघायला नको. गल्लीतल्या बायका आईकडे साखर मागायच्या निमित्ताने यायच्या आणि स्वयंपाकघरात हळूच म्हणायच्या, "वाटोळं झालं व पोरीचं." हळूच म्हणजे मला ऐकू जाईल एवढंच हळू.

लोक भेटायला येताना फळं आणतात. तू उशी घेऊन आलीस. दुकानातली, नवी, कापूस पिंजून काढलेल्या ताज्या रुईची. ती माझ्या मांडीवर ठेवलीस आणि शेजारी बसलीस. शाळेत एका बाकावर बसायचो तशी, कोपर लावून. आई दाराआड कान लावून उभी होती. मराठीत बोलले तर सगळं तिला कळणार, म्हणून मी इंग्रजीत म्हटलं, "आय ॲम रुइन्ड, शाहीन."

मला वाटलं तू मला जवळ घेशील. तू कपाळाला आठ्या घातल्यास. थोडा वेळ विचार केलास. मग म्हणालीस, "नाई व वसू. हे वाक्य चुकलं."

"काय चुकलं? कर्ता आहे, क्रियापद आहे."

"रुइन्ड माणसाले लावत नाईत. भांड्याले लाव, कपड्याले लाव, मूडले लाव. माणसाले नाई लागत."

मी एम.ए.ला इंग्रजी घेतलेली बाई. मला एवढा संताप आला की मी उठून बाबांच्या कपाटातली जाडजूड डिक्शनरी आणली आणि तुझ्यापुढे आपटली. बघ, म्हटलं, इथे छापलंय. धंद्यात बुडालेला माणूस रुइन्ड. अब्रू गेलेली बाई रुइन्ड. तू बोट ठेवून सगळं नीट वाचलंस. मग डिक्शनरी मिटलीस.

"त्या लिहिणाऱ्यानं तुले कुठी पाह्यलं होतं?" तू म्हणालीस.

आणि मी हसले. वणी सोडल्यापासून पहिल्यांदा. मग हसले म्हणून तुझ्यावरच चिडले, आणि आपलं भांडण सुरू झालं ते तू जाईपर्यंत संपलं नाही. माझं म्हणणं, लावता येतो. तुझं म्हणणं, लावायचा नाही. डिक्शनरी माझ्या बाजूने होती आणि मी मनातून रोज प्रार्थना करायचे की तूच जिंकावंस.

हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते. तुझ्या त्या "नाई"वर मी उभी राहिले, शाहीन. बाबांचं मौन, गल्लीतली कुजबुज, कोर्टाचे कागद, सगळं आलं आणि गेलं. मी मात्र दर वेळी स्वतःला सांगत राहिले की शाहीन म्हणते हे वाक्य चुकलंय. व्याकरण सांभाळणारी बाई मी, चुकीचं वाक्य कसं जगणार होते?

मग तूच मला तुमच्या माळ्यावर नेलंस. खाली दुकान, मागे घर, वर फळ्यांचा माळा, तिथे एका बाजूला जुन्या खोळींचे गठ्ठे आणि दुसऱ्या बाजूला तुझा फळा. गावातल्या आणि तांड्यावरच्या मुलींना तू इंग्रजी बोलायला शिकवत होतीस. "तू लिहायचं शिकव, मी बोलाचं," म्हणालीस. चार वाजले की सलीमभाई पिंजाईची मशीन बंद करायचे. घरघर थांबायची, पण रुईचे तंतू काही लगेच थांबायचे नाहीत. फळ्यांच्या फटींतून ते वर यायचे, उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात तरंगायचे आणि सावकाश मुलींच्या केसांवर उतरायचे. वर्ग संपेपर्यंत सगळ्यांची डोकी पांढरी व्हायची. तुझंही.

"पाहा वं पोरीओ, म्हाताऱ्या झाल्यावर आपण अशा दिसू," तू म्हणायचीस.

मुली खिदळायच्या. त्या एकमेकींना आजी म्हणून हाका मारायच्या, वाकून चालायच्या, खोकायच्या. मी फळ्यावरचं पुसता पुसता तुझ्याकडे बघायचे. पांढऱ्या केसांची, चष्मा नाकावर आलेली, हसून दमलेली शाहीन. डोळे अर्धे मिटून बघितलं तर ती दिसायची. एवढंच समाधान आहे बघ. तू म्हातारी झालेली मी रोज बघत होते.

तुझी शिकवायची पद्धत माझ्या डोक्यात कधी बसली नाही, हे खरं आहे. मी शब्दांच्या याद्या द्यायचे, तू त्या फाडायचीस. "शब्द पाठ करून मले नोका दाखवू. घरून वस्तू आना," असा तुझा हुकूम. विशेषण शिकायचं तर ते ज्याला लागतं ती वस्तू घेऊन यायचं आणि फळ्यासमोर उभं राहून तिच्याबद्दल बोलायचं. वस्तू नाही तर शब्द नाही. हेवी शिकायचं त्या दिवशी एक मुलगी पाटा उचलून आणायला निघाली होती, तिच्या आईने रस्त्यातून परत नेली.

आणि रुइन्डचा दिवस! त्या दिवशी माळ्यावर काय काय आलं होतं. करपलेली पातेली, उंदराने कुरतडलेली चप्पल, पाण्यात पडून फुगलेलं गाईड, हौदात बुडालेला मोबाईल. एकीने डब्यात लागलेला भात आणला होता. तू त्यातला घास घेतलास, चावलास, आणि म्हणालीस, "लागला आहे, पण खाता येते," आणि सगळा संपवलास. ती बिचारी डबा हातात धरून बघतच राहिली, तिचं उदाहरणच तू खाऊन टाकलंस.

मुलींची अडचण वेगळी होती. त्या म्हणाल्या, "मॅडम, आमच्या घरी समदं खराबच होते. दूध खराब होते, मोटर खराब होते, आजीची तब्येत खराब होते. मंग रुइन्ड कोनतं?"

तेव्हा तू तुझी ती परीक्षा काढलीस. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं, आता याचं काय होईन? मोबाईल म्हणे मेकॅनिककडे जाईल. मग तो डॅमेज्ड. दूध फेकून द्यावं लागेल, ते स्पॉइल्ड, ते नाकालाच कळतं. मग रुइन्ड कोणतं? तर ज्याच्याकडे बघून आपण खाली बसतो आणि म्हणतो, वाट लागली. वस्तू समोर आहे, पण जिच्यासाठी होती ते काम गेलं.

आणि डिस्ट्रॉइड? एका मुलीने विचारलं. तू हात रिकामे करून दाखवलेस. "ते तुमाले वर्गात आनताच येत नाई," म्हणालीस. "जे पिशवीत घालून जिना चढता येते, ते डिस्ट्रॉइड नसते."

तांड्यावरची रंजना पांढरा दुपट्टा घेऊन आली होती. नव्या लाल ओढणीबरोबर भिजवला आणि सगळा गुलाबी झाला. ती रडवेली होऊन म्हणाली, "धिस दुपट्टा इज रुइन्ड." तू तो तिच्याच खांद्यावर टाकलास, तिला खिडकीच्या काचेसमोर उभी केलीस. ती वळून वळून बघायला लागली. मग म्हणाली, "मॅडम, गुलाबी तं माह्यावर चांगला दिसून राह्यला." सगळा वर्ग हसला. मी मात्र मागून ओरडले की दुपट्टा पांढरा हवा होता, पांढरा राहिला नाही, म्हणजे रुइन्डच, नियम म्हणजे नियम. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी मुकाट्याने खडू उचलला.

मराठी प्रतिशब्दावरून आपण किती भांडलो. मी सांगायचे की मराठी श्रीमंत आहे. दूध नासतं, अन्नाची नासाडी होते, घर उद्ध्वस्त होतं, गाव बेचिराख होतं, चांगल्या साडीचं मातेरं होतं, पोरीचं वाटोळं होतं. एकेका गोष्टीला वेगळा शब्द आहे. इंग्रजी दरिद्री, साडीला आणि आयुष्याला एकच शब्द लावते. यावर तुझं उलटंच. तू म्हणायचीस, तेच चांगलं आहे. मातेरं आणि वाटोळं अशी भारी नावं ठेवली की माणूस त्याच्याखाली दबतो. तुला "वाट लागली" पुरेसं होतं.

"फार हलका शब्द आहे तो," मी म्हणायचे.

"हलकाच पाह्यजे. जड शब्द पोरीइच्या डोक्यावर कायले ठेवतं व?"

आपलं ते भांडण अजूनही अर्धंच आहे. फळ्यावर त्या शब्दासमोरची जागा आपण रिकामी सोडली होती.

मग तुझ्या किडन्या गेल्या. सोप्या मराठीत सांगायचं तर तसंच. आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिस. सकाळच्या जीपने जायचं, दुपारी परत. बाकी लोक दाटीवाटीने बसायचे, तुला मात्र ड्रायव्हर खिडकीची जागा राखून ठेवायचा आणि मला तुझ्या शेजारी. येताना तू अर्धवट झोपेत असायचीस. डोकं माझ्या खांद्यावर. बाहेर बोंडं फुटलेली शेतं, मैलच्या मैल पांढरं, त्यावर उन्हाची झापड. जीप हलायची, तुझं डोकं हलायचं, आणि मधेच तू डोळे न उघडता एखादं वाक्य बोलायचीस. कधी इंग्रजी, कधी तुमच्या घरातली हिंदी, कधी आपली वऱ्हाडी. मला त्या वेळी आपण कुठून निघालो आणि कुठे चाललोय ते आठवत नसे. आठवावंसंही वाटत नसे. अशीच जीप चालत राहावी, गाव कधी येऊच नये, असं मला वाटायचं. तुला यातना होत होत्या आणि मला त्या दुपारी हव्याशा वाटत होत्या. माफ कर.

डायलिसिससाठी तुझ्या डाव्या हाताच्या शिरा जोडल्या होत्या. तो हात गाठी येऊन फुगला होता. एकदा जीपमध्ये तू माझं बोट धरून त्या जागेवर ठेवलंस. आत सतत थरथर होत होती, तुमच्या दुकानातल्या मशीनसारखी. "ऐक, सलीमभाईनं मशीन चालू केली," तू म्हणालीस. मग हात उचलून उन्हात धरलास आणि म्हणालीस, "वसू, धिस हँड इज रुइन्ड."

मी झडपच घातली. "पकडली! माणसाले लावत नाईत म्हने!"

"हाताले लावला," तू डोळे मिटूनच म्हणालीस. "मले कुठी लावला?"

जीपमधले लोक बघायला लागले इतक्या जोरात आपण हसलो. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. तो म्हणाला, "ताई, तुमी दोघी दवाखान्यातून येता की जत्रेतून?"

शेवटच्या आठवड्यात तू फारसं बोलली नाहीस. मला वाटत राहिलं की तू एकदा तरी म्हणशील. संपलं, वाट लागली, काहीही. म्हणाली असतीस तर मी रडले असते. तू फक्त विचारलंस, "रंजनाच्या इंटरव्ह्यूचं काय झालं?" यवतमाळच्या मोबाईलच्या दुकानात तिला बोलावलं होतं. झालं, लागली, म्हटलं. तू मान हलवलीस. तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं ते. मला वाटतं ते बरंच झालं, आणि मला वाटतं ते फार थोडं झालं. दोन्ही एकाच वेळी वाटतं.

आता परवाची गोष्ट सांगते, कारण अम्मींचा प्रश्न तिथूनच निघाला. सकाळी सलीमभाईंचा फोन आला. "वसुताई, शाहीनची गादी काढाची आहे. घरचं मानूस समोर लागते, तुमाले मालूम आहे."

मला माहीत होतं. तुमच्या दुकानाचा जुना नियम. गेलेल्या माणसाची गादी पिंजायला आली की ती दिवसात पहिली घ्यायची, दुसऱ्या कुणाच्या रुईत मिसळू द्यायची नाही, आणि त्या घरचं एक माणूस पुन्हा खोळ शिवून होईपर्यंत समोर बसलं पाहिजे. तसे किती लोक त्या लाकडी स्टुलावर बसलेले मी वर जाताना पाहिले होते. चपलांशी चाळा करत, मशीनकडे बघत. त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

सलीमभाई स्वतः मशीनवर असणार. त्यांच्या बायकोला मुलं आहेत. अम्मी उठत नाहीत. म्हणून त्यांनी मला बोलावलं. घरचं माणूस म्हणून. फोन ठेवला आणि मी बाबांच्या खुर्चीत बसून रडले, तू गेल्यापासून पहिल्यांदा इतकी. एवढ्या वर्षांत मला कुणी आपल्या घरचं माणूस म्हणून हक्काने कुठे बसवलं नव्हतं.

मी स्टुलावर बसले. सलीमभाईंनी तुझ्या गादीची खोळ उसवली. आत रुईचे गोळे झाले होते, कडक, पिवळट, औषधाच्या वासाचे. एका बाजूला तुझ्या अंगाचा खोलगटपणा तसाच होता. आतून अम्मींचा आवाज आला, "छोड दे सलीम. खराब हो गई वो."

 सलीमभाईंनी पहिला गोळा मशीनमध्ये टाकला. घरघर सुरू झाली आणि दुसऱ्या टोकाने तुझी रुई बाहेर यायला लागली. नवीसारखी पांढरीशुभ्र नाही, थोडी सायीच्या रंगाची, पण हलकी. दुकानभर तरंगायला लागली. माझ्या साडीवर, केसांवर, पापण्यांवर बसत होती. दार, स्टूल, सलीमभाई, सगळं त्यात विरघळल्यासारखं झालं आणि मला खूप शांत वाटलं. त्यात मला काही धडा वगैरे सापडला नाही, गैरसमज करून घेऊ नकोस. नाकात तंतू गेले आणि मी शिंकत सुटले. रुईचं ठीक आहे, रुईला मशीन आहे. माणसाचं काय करायचं?

त्याच संध्याकाळी अम्मींनी मला तो प्रश्न विचारला. तेव्हा मला कळलं की या बाईने सगळं ऐकलंय. आपण वर घसा फोडून शिकवत होतो आणि अम्मी खाली दाभणाने गाद्या शिवत होत्या. फळ्यांच्या फटींतून रुई वर जायची तसे आपले शब्द खाली यायचे. डॅमेज्ड, स्पॉइल्ड, रुइन्ड, सगळे त्यांच्याकडे पोचलेत. आणि तुझा नियमही. माणसाला लावायचा नाही. तू तो नियम माझ्यासाठी केलास, शाहीन. अम्मींना विचारून केला नव्हतास.

आज दुपारी जेवून जरा आडवी झाले तर डोळा लागला. तू दिसलीस. माळ्यावर होतीस, केस पांढरे, आणि मुली रांगेने वस्तू घेऊन जिना चढत होत्या. कुणाच्या हातात परात, कुणाच्या हातात छत्री. तू प्रत्येकीला तो प्रश्न विचारत होतीस. शेवटी अम्मी जिना चढून आल्या. गुडघे दुखतात तरी आल्या. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तू त्या हातांकडे बघत राहिलीस, आणि शाहीन, तुझ्याकडे विचारायला काही नव्हतं. मी जागी झाले तेव्हा उशी ओली होती आणि बाहेर चहाची वेळ झाली होती.

इथपर्यंत लिहिलं आणि उठले. आता जाऊन आलेय. राहिलेलं सांगते.

अम्मी उंबऱ्यातच होत्या. मी चपला काढल्या, शेजारी बसले आणि धीर सुटायच्या आत म्हणून टाकलं, "अम्मी, लगाते. वो लफ्ज इंसान को भी लगाते."

त्यांनी मान वळवली. "शाहीन तो बोलती थी कि…"

"शाहीन गलत बोलती थी."

तुझ्या आईसमोर, तुझ्या दारात बसून मी हे म्हटलं. 

"किताब में है?" त्यांनी विचारलं.

"है अम्मी. छपा हुआ है."

 मग त्यांनी तो शब्द स्वतःच्या तोंडाने म्हटला, सावकाश, वर्गातल्या मुलीसारखा. "रुइन्ड." आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून विचारलं, "मैं?"

"हां, अम्मी."

"और तू?"

"मैं भी."

मग त्या रडल्या. जनाजा निघाला तेव्हा जे रडायचं राहिलं होतं ते सगळं. सलीमभाई मशीन बंद करून धावत आले, मी हाताने खूण करून त्यांना थांबवलं. अम्मींनी मला घट्ट धरलं होतं, इतकं की त्यांच्या बांगडीचा वण अजून दंडावर आहे. मीही रडले. कुणी आम्हाला धीर धरा म्हटलं नाही, कुणी सगळं ठीक होईल म्हटलं नाही. सगळं झाल्यावर त्यांनी ओढणीने आधी माझं नाक पुसलं, मग स्वतःचं. विचारलं, "खाया क्या तूने?" आणि भिंतीला धरून उठल्या.

आपलं भांडण मी जिंकले, शाहीन. एवढी वर्षं डिक्शनरी घेऊन हरत होते, आज जिंकले. तुझ्या नियमाने मला वाचवलं आणि तुझ्या आईसाठी मला तो मोडावा लागला. मला माहीत आहे, तुला राग येईल. उद्या चार वाजता वर्ग आहे आणि तिथे मी तुझंच म्हणणं शिकवीन, पण अम्मींना दिलेलं उत्तर परत घेणार नाही.

स्वयंपाकघरात अम्मींनी पोळी घेतली, डाळ घेतली, आणि मग दुसरी पोळी मागितली. मी ताट वाढता वाढता जिन्याकडे बघितलं. वाटलं, आता तू धाडधाड खाली उतरशील, कमरेवर हात ठेवशील आणि म्हणशील, "काय व वसू, माह्या मायले हे काय शिकवून राह्यली?" ये ना. ये आणि भांड. मी मुद्दाम हरते.

जिना रिकामा होता, आणि अम्मी जेवत होत्या.